रात्री घरात चोर शिरला तर हाताशी काय ठेवावं, काठी की कोयता?
कोयता नकोच. आमच्या गावच्या घरी दाराआड वडलांची काठी असायची, खालच्या टोकाला लोखंडी टोपी ठोकलेली, पण तिचा उपयोग झाला तो सापाला नाहीतर कुत्र्यांना हाकलायलाच. एकदा रात्री कडी वाजली म्हणून मी तीच उगारून उभा, तर बाहेर लास्ट एसटीनं आलेला आतेभाऊ, थोडक्यात वाचला बिचारा! कायद्यात स्वसंरक्षणाचा हक्क आहे, भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ बघा, पण गरजेपुरताच हं, चोर पळत सुटल्यावर मागून हाणलात तर तुम्हीच अडकाल. ९ इंचांपेक्षा लांब पातं असेल तर लायसन्सची भानगड होऊ शकते. मिरची पूड फॅनखाली आपल्याच डोळ्यात जाते. आधी आतून अडसर घाला, उशाशी टॉर्च ठेवा, ११२ लावा, काठी त्यानंतर.