परळ गेलं कुठे?

लीड्स, रविवार

चि. सोहम, अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. आजीच्या फणीच्या डब्यातली २०२४ च्या मतदानाची चिठ्ठी, तिच्यावर '१८३ शिवडी'. तू विचारतोस, आपण लालबागचे, आजी म्हणते "माझा मतदारसंघ परळ", मग चिठ्ठीवर शिवडी कसं? आजी चुकते का?

नाही रे. प्रभादेवी स्टेशनला ती अजून जुन्या नावाने एल्फिन्स्टन म्हणते, ती सवय. पण परळ नावाचा विधानसभा मतदारसंघ खरंच होता. २००४ च्या निवडणुकीतही होता. आणि आजीचं त्याच्याशी नातं साधं नाही.

१९६७ साली परळमधून कृष्णा देसाई आमदार झाले, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे. आधी नगरसेवक होते, त्यामुळे गल्लोगल्ली ओळख. गिरणगावात, आपल्या या कापड गिरण्यांच्या भागात, तेव्हा लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्टांचा, जोर होता. ५ जून १९७० च्या रात्री, आपल्या लालबागमध्येच, त्यांचा खून झाला. तू आता दहावीला आहेस, म्हणून हे झाकून ठेवत नाही. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक लागली. एका बाजूला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिक १,६७९ मतांनी निवडून आले आणि शिवसेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला. १,६७९ म्हणजे किती, ते आपल्या गॅलरीत उभं राहून मोज. आपल्यासारख्या तीन भरल्या चाळी तिकडच्या इकडे झाल्या असत्या, तर निकाल फिरला असता.

ही लढाई आपल्या खोलीतही झाली. तुझे आजोबा गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, युनियन लाल बावट्याची. त्यांचा धाकटा भाऊ रोज संध्याकाळी शिवसेनेच्या शाखेत. प्रचाराचे दिवस दोघांनी एकमेकांशी अबोला धरला, पण जेवायला पाट शेजारीच. मधल्या मध्ये निरोप पोचवायची आजी. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, कोकणातून नुकतीच लग्न होऊन आलेली. मतदानाचं वय एकवीस होतं, त्यामुळे तिला मत नव्हतं. ज्या निवडणुकीने घर ढवळून काढलं, तिच्यात आपल्याला शाई लागली नाही, हे तिला अजून लागतं.

पुढे १९९० साली शिवसेनेचे विठ्ठल चव्हाण आमदार झाले. त्यांचीही १९९२ साली हत्या झाली. एकाच मतदारसंघाने दोन आमदार असे गमावले. आजी 'परळ' म्हणते तेव्हा तिचा आवाज जड होतो, त्याला हेही कारण आहे.

मग नाव पुसलं कोणी? मतदारसंघ माणसं मोजून आखतात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. बऱ्याच जणांसाठी भोंगा पुन्हा वाजलाच नाही. खोल्या विकून माणसं विरार, कल्याण, डोंबिवलीला गेली. २००१ च्या जनगणनेवरून नवी आखणी झाली, ती २००८ साली लागू झाली. मुंबई शहराच्या १७ जागांच्या १० उरल्या, उपनगरांच्या १७ च्या २६ झाल्या. परळ गेलं, माझगाव गेलं. २००९ ला नव्या शिवडीतून मनसेचे बाळा नांदगावकर आले, २०१४ पासून तिन्ही वेळा शिवसेनेचे अजय चौधरी, शेवटच्या वेळी ठाकरे गटाकडून.

त्या मोजणीत आपलंही घर आहे. काका ९६ साली विरारला गेला, आत्या डोंबिवलीला, आणि मी तर देशच सोडला. आजी तेवढी हलली नाही. म्हणून तिच्या तोंडी परळ येतं तेव्हा तिला दुरुस्त करू नकोस.

फणीच्या डब्याच्या तळाशी, कागदाखाली, २००४ ची एक चिठ्ठी आहे, बूथबाहेरच्या टेबलावर हाताने लिहून दिलेली. तिच्यावर परळ लिहिलंय. आजीला विचारून काढ, आणि तिचाही फोटो पाठव.

तुझी,
आई