स्त्रीभूमिका करायला निघालेल्या नवख्या नटासाठी

साडी, विग आणि मेकअपची चिंता शेवटी कर. आधी या परंपरेचा इतिहास नीट वाच, म्हणजे आपण काहीतरी गमतीचं करतोय हा समज गळून पडेल.

प्राचीन ग्रीक रंगभूमीवर सगळ्या भूमिका पुरुषच करत. इंग्लंडमध्ये १६६० पर्यंत व्यावसायिक रंगमंचावर नायिका म्हणून मुलगेच उभे राहत. पण तुला खरं शिकायचं असेल तर जपानच्या काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकाराकडे बघ. १६२९ मध्ये तिथे स्त्रियांना रंगमंचावर बंदी झाली, १६५२ मध्ये तरुण मुलांनाही, आणि मग प्रौढ पुरुषांनी 'ओन्नागाता' ही स्त्रीभूमिकेची शैली घडवली. सौंदर्याचा आधारच गेल्यावर अभिनयाशिवाय उरलं काय? गुडघ्यांमध्ये कागद धरून, तो पडू न देता चालायचा सराव ते करत. तू आजपासून तोच कर. खांद्याची पाती मागे ओढून खाली सोड. खांदे आपोआप अरुंद दिसतात.

आपल्याकडे बालगंधर्वांच्या साड्या-दागिन्यांचं अनुकरण घरंदाज बायका करत, इतका त्या अभिनयाचा पगडा होता. स्त्रियांना रंगमंच बंद होता म्हणून हे घडलं, हेही विसरू नकोस.

आजचा ड्रॅग, म्हणजे विरुद्ध लिंगाचा भडक वेश घेऊन केलेलं सादरीकरण, वेगळा आहे. तिथे बंदी नाही, निवड आहे, आणि अतिशयोक्ती मुद्दाम केलेली असते. तुझ्या नाटकाला यातलं काय हवंय, ते दिग्दर्शकाला पहिल्याच तालमीत विचार. आवाज मात्र उगाच बारीक करू नकोस, घसा बसेल. लय बदल.