व्हर्च्युअल मशीनमधल्या फायली गेस्टमध्ये एन्क्रिप्ट केल्या की पुरे का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, विंडोज चालवता. हा आतला कॉम्प्युटर म्हणजे गेस्ट. खासगी कागदपत्रं त्यातच वेराक्रिप्टच्या कंटेनरमध्ये, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केलेल्या पेटीसारख्या फाइलीत ठेवता. होस्ट, म्हणजे बाहेरचा खरा लॅपटॉपही एन्क्रिप्ट करायला हवा का, आणि त्याने वेग किती कमी होईल? करायलाच हवा. माझ्या दादाने मला उलटं सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं.

मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारात घरूनच लोकांचे रिटर्न भरते. लॅपटॉपवर उबंटू, टॅलीसाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज. दादा म्हणाला, "अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केलीस तर लॅपटॉप रखडेल. गेस्टमध्ये वेराक्रिप्ट टाक, बास." टाकलं, चांगला वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवून. आत अशिलांचे पॅन-आधार, बाबांच्या पेन्शनची कागदं आणि आईचे बायॉप्सीचे रिपोर्ट. ते रिपोर्ट तेव्हा आम्हा दोघींशिवाय घरात कुणालाही माहीत नव्हते.

मग कीबोर्डची बटणं अडायला लागली. सयाजीगंजमधल्या एका दुकानात लॅपटॉप दिला. "चेक करवा माटे पासवर्ड जोईशे," म्हणाले, म्हणून उबंटूचा लॉगिन पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. वेराक्रिप्टचा थोडाच दिला होता! तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घरी आला. मी व्हर्च्युअल मशीन कधी बंद करत नसे, 'सेव्ह स्टेट' करून झाकण मिटायची. व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत 'सेव्ह्ड' दिसायला हवं होतं. दिसत होतं 'पॉवर्ड ऑफ'. मशीनच्या लॉग्ज फोल्डरमधली लॉगफाइल उघडली. आदल्या दुपारी मशीन सुरू झालं होतं आणि चाळीस मिनिटं चाललं होतं.

सेव्ह स्टेट म्हणजे गेस्टची सगळी रॅम होस्टच्या डिस्कवर उतरवणं. कंटेनर उघडा असेल तर त्याची किल्लीही त्याच फाइलीत जाते. 'स्टार्ट' दाबणाऱ्याला पासवर्ड कुणी विचारतच नाही, ड्राइव्ह उघडाच समोर येतो. त्या चाळीस मिनिटांत काय पाहिलं, काय कॉपी झालं, मला आजवर कळलेलं नाही. एकेका अशिलाला फोन करून हे सांगितलं. आईला सांगायला आठ दिवस लागले.

दादा अजून म्हणतो, "पासवर्ड तूच दिलास." दिला, आणि तसा दिला तर होस्टचं एन्क्रिप्शनही वाचवत नाही, हे खरं. पण लॅपटॉप चोरीला गेला असता तर? तेव्हा उघड्या डिस्कवरची ती फाइल चोराला आयतीच मिळाली असती. आणि रखडण्याचं म्हणाल, तर एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीचं काम झटपट उरकणाऱ्या सूचना इंटेलच्या प्रोसेसरांत 2010 पासून यायला लागल्या. मी आता सगळी डिस्क लक्सने, म्हणजे उबंटूतल्या डिस्क एन्क्रिप्शनने, एन्क्रिप्ट केली आहे, टॅलीत मला काही फरक जाणवत नाही. विंडोज होस्ट असेल तर त्याच कामासाठी विंडोजचं बिटलॉकर. व्हर्च्युअलबॉक्स 7.0 पासून, म्हणजे 2022 पासून, सेव्ह स्टेट आणि लॉगसकट पूर्ण मशीन एन्क्रिप्ट करता येतं, तेही करा. काम झालं की कंटेनर डिसमाउंट (बंद) करून गेस्ट सरळ शटडाउन. कीबोर्ड तपासायला दुकानदाराला पेन ड्राइव्हवरून उबंटू सुरू करू द्या, पासवर्ड लागतच नाही.

हो, शेअर्ड फोल्डरमधल्या, म्हणजे होस्ट आणि गेस्ट दोघांना दिसणाऱ्या फोल्डरमधल्या, फायली होस्टवरच असतात, गेस्टमधलं कुलूप त्यांना लागू होत नाही. कंटेनर गेस्टच्या डिस्कवर असेल आणि पासवर्ड बदललात, तर आधीचे स्नॅपशॉटही, म्हणजे मशीनच्या जपून ठेवलेल्या जुन्या स्थितीही, काढून टाका. त्यांत कंटेनरचा जुना हेडर, म्हणजे किल्ली जपणारा सुरुवातीचा भाग, तसाच राहतो आणि जुना पासवर्ड तिथे चालतो. लक्सच्या हेडरची प्रत मात्र वेगळ्या पेन ड्राइव्हवर हवीच, तो बिघडला तर पासवर्ड माहीत असूनही डिस्क उघडत नाही. माझी प्रत आईच्या कपाटात आहे.