'एलायजा' नावाचा अर्थ काय? 'इलियास' आणि ते एकच का?

हो, एकच. मूळ हिब्रू नाव 'एलियाहू', अर्थ 'याह हाच माझा देव'. 'एल' म्हणजे देव, 'एली' म्हणजे माझा देव आणि 'याहू' हे ईश्वराच्या चार अक्षरी हिब्रू नावाचं आखूड रूप. हे नाव बायबलमधल्या 'राजे' या ग्रंथातल्या संदेष्ट्याचं. अहाब राजाच्या काळात कर्मेल डोंगरावर बआल या देवाच्या संदेष्ट्यांना त्याने आव्हान दिलं, खरा देव कोण ते दाखवा म्हणून. त्या प्रसंगात हे नाव म्हणजे त्याची भूमिकाच आहे! ग्रीकमधून ते 'एलियास' झालं, कुराणात 'इलियास', रशियनमध्ये 'इल्या', मराठी बायबलमध्ये 'एलीया'. आपल्याकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरांत तर 'एलियाहू हन्नाबी' (संदेष्टा एलियाहू) फार जिव्हाळ्याचा: नवस फेडताना, शुभकार्यात त्याच्या नावाने मलिदा करतात, पोहे, साखर, ओलं खोबरं, फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण मानलेला खडक आहे, तिथेही लोक नवसाला जातात.

बाळाचं नाव ठेवणार असाल तर एक सांभाळा. नुसतं 'एली' हे नाव याचं लघुरूप असेलच असं नाही. शमुवेलाला वाढवणाऱ्या एली याजकाचं नाव हिब्रूत 'एलियाहू'सारखं आलेफ अक्षराने नाही, आयिन अक्षराने सुरू होतं आणि त्याचा संबंध उंचीशी, वर चढण्याशी लावतात. 'अलीशा'ही वेगळं: 'माझा देव तारण आहे'.