जादूचा उजेड कोऱ्या कागदातून येतो

जलरंगात फॅन आर्ट, म्हणजे आवडत्या कथेतल्या पात्राचं चित्र, काढायचं असेल तर आधी कागदावर खर्च कर, रंगांचं नंतर बघू. ३०० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) पातळ कागद पाण्याने फुगतो आणि नेमकं चेहऱ्यावरच डबकं साचतं. डोळे, दागिने, चिलखत असं बारीक काम असेल तर हॉट प्रेस, म्हणजे दाबून गुळगुळीत केलेला कागद घे.

त्वचेच्या सावलीला काळा लावू नकोस, मळकट दिसते. अल्ट्रामरीन निळ्यामध्ये बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळ. निळा जास्त पडला तर थंड राखाडी, सिएना जास्त तर उबदार तपकिरी. मंत्राचा झगमगाट हवा असेल, तर तेवढी जागा आधीच मास्किंग फ्लुइडने, म्हणजे वाळल्यावर सोलता येणाऱ्या रबरी द्रवाने झाक (चांगला ब्रश त्यात बुडवलास तर तो गेलाच म्हणून समज). मग भोवतीचा कागद ओला करून त्यावर ओलाच गडद रंग सोड आणि कागद पूर्ण वाळल्यावरच ते फ्लुइड सोलून काढ. घाई केलीस की कागदाचा पापुद्रा निघतो.

ऑनलाइन टाकण्यासाठी ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन कर. स्कॅनर फिके थर खातो, तेवढे फोटो एडिटरच्या लेव्हल्समधून (उजेड-गडदपणा बदलायची सोय) सावर. पात्र कोणाचं ते लिही. पोझ दुसऱ्या चित्रकाराची असेल तर त्याला विचारूनच टाक. आणि प्रिंट विकायच्या असतील तर मूळ हक्कदाराचे नियम वाच. नुसतं श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.