पेशंट बोलत होता, बीपी चांगलं होतं, तरी वाटेत गार का पडला?

भावा, तू लिहिलंस की कणकुंबीजवळ पावसात दुचाकीवरून पडलेला मुलगा गाडीत घेताना नीट बोलत होता, बीपी 110 होतं, सारखं पाणी मागत होता, आणि जांबोटी मागं पडल्यावर एकदम गार झाला. ‘आमचं काय चुकलं’ असं विचारलंयस. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही बीपीवर विसंबलात. रक्त जायला लागलं की तरुण शरीर हातापायांच्या शिरा आवळून घेतं आणि बीपी धरून ठेवतं. अंगातल्या पाच लिटरांतलं दीड लिटर रक्त गेलं की मग ते बदकन पडतं. त्याआधी बाकी सगळं सांगत असतं: नाडी 100 च्या वर आणि बारीक, कातडी फिकी, गार, घामेजलेली, श्वास भराभर, जिवाची नुसती उलघाल. नख दाबून सोड. लाली परतायला दोन सेकंदांहून जास्त लागले तर सावध हो. आणि तहान. ती रक्त गेल्याचीच खूण. ‘पाणी द्या’ म्हणो की कानडीत ‘नीर कोडरी’, पाजायचं नाही. बेशुद्ध झाला तर उलटी श्वासनळीत जाते. ओठ ओले कर, पुरे.

माझ्याकडूनही चूक झालीय. ऊसाच्या हंगामात एक जण रात्री ट्रॉलीला मागून धडकला. पायाचं हाड बाहेर आलेलं, आम्ही सगळे पायालाच लागलो. जर्किन तसंच अंगात राहिलं. हॉस्पिटलात ते कापलं तेव्हा पाठीखालची चादर रक्तानं थबथबलेली. काखेमागं हातभर जखम होती आणि तासभर ती कुणी बघितलीच नव्हती. तेव्हापासून आधी कात्री, मग बाकीचं. मानेपासून टाचेपर्यंत अंगाखाली हात सरकवायचा आणि दरवेळी बाहेर काढून टॉर्चमध्ये हातमोजा बघायचा. लाल दिसला तर तिथं थांबायचं.

वाहती जखम घट्ट दाबून धरायची, दर मिनिटाला कापड उचलून बघायचं नाही. हातापायाचं रक्त दाबूनही थांबेना तर जखमेच्या चार बोटं वर रुंद पट्टा आवळायचा, सांध्यावर नाही. वेळ पट्ट्यावर लिहायची आणि वाटेत तो सैल करायचा नाही. सुतळी, तार नको, ती मांसात रुतते.

बाहेर रक्त नाही आणि पेशंट तरी फिका पडतोय, तर छाती, पोट, कंबरेचं हाड, मांडी. एका मांडीच्या हाडातूनच लिटरभर रक्त आत साचतं. कंबरेचं हाड मोडल्याची शंका आली तर हलवून बघू नकोस. चादरीची घडी करून आवळ, पण बेल्टच्या जागी नाही. मांडीच्या वरच्या टोकाला बाजूनं जी हाडाची गाठ हाताला लागते, त्या पातळीवर. बहुतेक जण वर बांधतात आणि उपयोग होत नाही.

तुझ्या पेशंटच्या बाबतीत मला ओल्या कपड्यांची जास्त शंका येते. कणकुंबीचा पाऊस तुला मी काय सांगू! अंग गार पडलं की रक्त गोठेनासं होतं, म्हणजे आतली जखम वाहतच राहते. ओले कपडे कापून टाक, अंग पूस, घोंगडं असेल तर घोंगडं घाल, गाडीतला एसी बंद कर.

नातेवाईक म्हणतील, ‘वाटेत डॉक्टर आहे, एक सलाईन लावून घेऊ.’ थांबू नकोस. भराभर सोडलेल्या सलाईननं रक्त पातळ होतं आणि जखमेवर धरलेली रक्ताची गाठ सुटू शकते. त्याला रक्तपेढी आणि ऑपरेशन थिएटर असलेलं हॉस्पिटल पाहिजे. श्वास अडलाय किंवा रक्त थांबतच नाही, एवढ्यासाठीच मध्ये गाडी वळव.

आणि दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास आणि तो किती शुद्धीवर आहे ते लिहून काढ. नाडीचे 96, 108, 124 असे आकडे एकाखाली एक दिसले की बीपी पडायची वाट बघावी लागत नाही. डोक्याला मार असेल तर डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्याही बघत जा. एक मोठी झाली तर लगेच हॉस्पिटलला कळव. फोन मात्र निघतानाच कर, घाटात रेंज जाते: वय, कसा पडला, किती वाजता, काय सापडलं, नाडी किती, रक्त लागेल का.