खोरोगला सहकुटुंब यावे काय?

आपण कोथरूडहून विचारले आहे की, ताजिकिस्तानातील खोरोगच्या विद्यापीठात दोन वर्षांची नोकरी स्वीकारल्यास पत्नी आणि पाच वर्षांच्या मुलीला सोबत आणावे काय, आणि येथील अस्थिरतेचा रोजच्या जगण्यावर कितपत परिणाम होतो. मीही पुण्याचाच, काही वर्षे येथे शिकवतो आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच ठरेल.

एरवी परिणाम जाणवत नाही आणि जेव्हा जाणवतो तेव्हा सगळेच एकदम थांबते. खोरोग ही ताजिकिस्तानच्या गोर्नो-बदख्शान या स्वायत्त प्रांताची राजधानी. सुमारे 2,100 मीटर उंचीवर, गुंट नदी पंज नदीला मिळते त्या अरुंद खोऱ्यात तीसेक हजारांची वस्ती आहे आणि पंजच्या पलीकडचा काठ अफगाणिस्तानचा आहे. शहर सुशिक्षित आणि आतिथ्यशील आहे. तरीही जुलै 2012, नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये येथे सुरक्षा दले आणि स्थानिक लोक यांच्यातील संघर्षात माणसे मारली गेली. नोव्हेंबर 2021 मध्ये एका तरुणाच्या मृत्यूनंतर लोक चौकात जमले आणि त्यानंतर प्रांतातील इंटरनेट सुमारे चार महिने बंद राहिले. परदेशी माणूस अशा वेळी सहसा कोणाचे लक्ष्य नसतो. त्याची अडचण वेगळी असते, ती म्हणजे जगापासून तुटण्याची.

म्हणून पगार आणि थंडी यांच्याआधी आपण बाहेर पडण्याच्या वाटांचा विचार करावा. देशाची राजधानी दुशान्बे रस्त्याने सुमारे 600 किलोमीटर आहे. सामायिक जीपला सगळे सुरळीत असतानाही चौदा-पंधरा तास सहज लागतात, आणि त्यातला बराच भाग पंजच्या काठाने, दरडींखालून जातो. लहान विमानाची सेवा चालू असली तरी ते आकाश निरभ्र असेल तरच उडते, त्यामुळे हाती तिकीट असणे म्हणजे प्रवास ठरणे नव्हे. पूर्वेची वाट मुरगाब गावाकडे, 4,000 मीटरहून उंच खिंडीतून जाते. लहान मुलीला घेऊन घाईघाईत तेथून निघण्याचा विचारही करू नये. शिवाय अस्थिरता केवळ राजकारणाची नाही. जुलै 2015 मध्ये बारसेम गावाजवळ चिखलाचा लोंढा येऊन गुंट नदी अडली आणि महामार्ग तुटला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये येथील पामीर पर्वतरांगांत 7.2 तीव्रतेचा भूकंप झाला.

करारात तीन गोष्टी लेखी मागाव्यात: शहर सोडण्याचा निर्णय कोण घेणार, वाहन कोण देणार आणि त्या काळातील पगाराचे काय. विम्यातील अशांततेसंबंधीचे अपवाद स्वतः वाचावेत, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये. व्हिसाखेरीज या प्रांतासाठी वेगळा परवाना लागतो, त्याची मुदत संपू देऊ नये. इंटरनेट गेले की कार्डही निरुपयोगी ठरते, म्हणून महिनाभर पुरेल इतकी सोमोनी (ताजिक चलन) आणि थोडे डॉलर घरात असावेत. दुशान्बेतील भारतीय दूतावासात नोंदणी करावी, आणि संपर्क तुटल्यास आपल्या आईने पुण्याहून दुशान्बेतील कोणत्या सहकाऱ्याला फोन करायचा, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. येथील भीती सर्वांत जास्त पुण्यात बसलेल्यांनाच सोसावी लागते.

बाकीचे थोडक्यात सांगतो. पामीर एनर्जी या येथील वीज कंपनीमुळे हिवाळ्यातही वीज बरी असते. गुरुवारच्या वीजबंदीची सवय असलेल्या पुणेकराने तक्रार करू नये. पाणी सुमारे 93 अंशांवरच उकळते, तेव्हा कुकर आणावा. डाळी, हिंग आणि गोडा मसालाही. आपण शाकाहारी असाल तर रोटी, बटाटे, जर्दाळू आणि लोणी-मीठ घातलेला दुधाचा चहा यांवर बरेच दिवस काढावे लागतील. व्यवहारापुरती ताजिक किंवा रशियन शिकावी. घरोघरी मात्र शुग्नी बोलली जाते. बहुसंख्य लोक इस्माइली या शिया मुस्लिम पंथाचे असून पंथाचे धर्मगुरू आगा खान यांचे अनुयायी आहेत. त्याच घराण्याने 1892 मध्ये बांधलेला राजवाडा पुण्यात आहे, एवढे सांगितले तरी घरात बसवून घेतात. राजकारणावर मत देऊ नये, अगदी आग्रहाने विचारले तरी. सीमेची, चौक्यांची किंवा सैनिकांची छायाचित्रे काढू नयेत.

माझे मत विचाराल तर आपण पहिले वर्ष एकट्याने यावे. येथे दवाखाना आहे, पण गुंतागुंतीच्या उपचारासाठी दुशान्बेच गाठावे लागते आणि तो रस्ता आजारी मुलासाठी नाही. मुलीची शाळाही ताजिक किंवा रशियन माध्यमाची असेल. हिवाळा आणि रस्ता स्वतः अनुभवल्यावर, पुढच्या जूनमध्ये कुटुंबाला काही आठवड्यांसाठी बोलवावे आणि पत्नीला स्वतः ठरवू द्यावे. आईला नियमित औषधे किंवा तपासण्या लागत असतील, तर त्यांची व्यवस्था पुण्यातच लावून निघावे, कारण अडचणीच्या वेळी चार दिवसांत घरी पोहोचण्याचा शब्द येथून कोणालाही देता येत नाही.